उरलेल्याचा हिशोब

माझी थोरली बहीण सांगलीला असते. आठ वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नेहमीच्या तपासण्या म्हणून तिचे रक्त घेतले, तर पांढऱ्या पेशींचा आकडा दीड लाखावर निघाला. निरोगी माणसाच्या रक्तात एका घन मिलिमीटरला या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात. लॅबमधल्या मुलाला वाटले, नळ्यांची अदलाबदल झाली असावी. त्याने पुन्हा रक्त घेतले. आकडा तोच. पुढे मोठ्या तपासण्या होऊन निदान झाले, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. सावकाश चालीचा रक्ताचा कर्करोग.

तेव्हापासून ताई रोज जेवणानंतर एक गोळी घेत आली आणि दर तीन महिन्यांनी तिच्या रक्ताची एक खास तपासणी होत आली. अंगात आजार किती उरला आहे, हे त्या रिपोर्टात एका आकड्यात कळते. सुरुवातीला आकडा दहाच्या वर होता, मग एकावर आला, मग दशांश चिन्हाच्या उजवीकडे शून्ये वाढत गेली. शेवटची तीन वर्षे तर तिथे आकडाच नव्हता. आढळले नाही, एवढेच छापलेले असे. यंदा डॉक्टरांनी सुचवले की आता गोळी थांबवून पाहता येईल. ताईने दवाखान्याच्या पायरीवरूनच मला फोन लावला. तिचा प्रश्न सरळ होता. आढळले नाही म्हणजे उरले नाही का? आणि उरले नसेल, तर थांबवून पाहू असे डॉक्टर चाचरत का म्हणाले? मी जन्मभर जीवशास्त्र शिकवले, तेव्हा मला हे माहीत असणारच, असे तिने गृहीत धरले होते.

मला ते माहीत नव्हते. मी ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षे शिकवले. दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत आलो की प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, आणि खाली कंसात एका जर्मन शास्त्रज्ञाचे नाव. परीक्षेत त्यावर एक मार्काचा प्रश्न असे. जोड्या लावा. रुडॉल्फ फिरखो हा माझ्या लेखी एका मार्काचा माणूस होता. (आपल्याकडचे डॉक्टर त्याला विर्को म्हणतात. जर्मन लोक फिरखो म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.) ताईच्या प्रश्नाने मला पुस्तकांकडे पाठवले तेव्हा कळले की तिच्या आजाराला ल्युकेमिया हे नाव देणारा माणूस हाच. मग मी त्याला सोडला नाही.

फिरखोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. प्रशियातल्या पोमेरेनिया प्रांतात शिफेलबाइन नावाचे लहान गाव होते, ते आता पोलंडमध्ये आहे. वडील थोडी शेती करीत आणि गावाच्या तिजोरीचा हिशोब पाहत. घरची स्थिती बेताची. लष्करी डॉक्टर घडवणाऱ्या बर्लिनच्या संस्थेत शिक्षण फुकट मिळे, म्हणून १८३९ मध्ये तो तिथे दाखल झाला आणि १८४३ मध्ये डॉक्टर होऊन शारिटे या मोठ्या रुग्णालयात लागला. काम होते शवविच्छेदनाचे. ज्याला इतर टाळत, ते या बुटक्या, चष्मेवाल्या तरुणाने आपले केले.

१८४५ मध्ये शारिटेत पन्नाशीची एक स्वयंपाकीण दाखल झाली. थकवा, नाकातून रक्त, पायांवर आणि पोटावर सूज. काही महिन्यांत ती गेली. फिरखोने तिचे शव उघडले तेव्हा पानथरी अवाढव्य वाढलेली होती आणि रक्तवाहिन्यांत रक्ताच्या जागी पिवळट पांढरे, पुवासारखे काही साकळलेले होते. त्या काळातल्या कुणाही डॉक्टरने सांगितले असते की रक्तात पू झाला. पण पू व्हायचा तर कुठेतरी जखम, गळू, दाह हवा. तो त्याने सगळीकडे शोधला, कुठेच नव्हता. मग त्याने ते द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली घातले. दिसल्या त्या रक्तातल्याच नेहमीच्या पांढऱ्या पेशी. एरवी तांबड्यांच्या गर्दीत पांढऱ्या शोधाव्या लागतात. इथे प्रमाण उलटे होते.

तेवीस वर्षांच्या त्या मुलाने पुढे जे केले त्याचे मला फार कौतुक वाटते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने निबंध छापला आणि मथळा दिला नुसता पांढरे रक्त. कारण माहीत नव्हते, म्हणून त्याने ते सांगितलेही नाही. एडिंबराच्या जॉन ह्यूज बेनेटने जवळजवळ असाच एक रुग्ण, छपरावर दगडी कौले बसवणारा २८ वर्षांचा कामगार, त्याच्या महिनाभर आधी प्रसिद्ध केला होता. पण बेनेटने त्याला रक्तात पू झाल्याचे ठरवले होते. आधी कोणी पाहिले यावर दोघांच्या बाजूंनी पुढे बरीच वर्षे भांडण चालले. आधी बेनेटने पाहिले हे खरे. काय पाहिले हे फिरखोने ओळखले, असे मला वाटते. १८४७ मध्ये त्याने ग्रीक शब्द जोडून त्याच पांढऱ्या रक्ताचे ल्युकेमिया असे नाव केले. त्याच वर्षी एका मित्राबरोबर स्वतःचे नियतकालिकही काढले, कारण दुसऱ्यांची नियतकालिके त्याचे लेख परत पाठवू लागली होती.

एवढ्या पांढऱ्या पेशी आल्या कुठून, याचे उत्तर मात्र तेव्हा त्याच्याकडे नव्हते. शरीरातल्या कसल्यातरी द्रवातून पेशी आपोआप थिजून तयार होतात, असे तेव्हाचे मत होते आणि सुरुवातीला तोही तेच मानत होता. उत्तर सापडायला दहा वर्षे जायची होती.

मधल्या काळात तो राजकारणात पडला. १८४८ च्या फेब्रुवारीत सरकारने त्याला अप्पर सायलेशियात पाठवले. तिथे पोलिश बोलणाऱ्या गरीब विणकऱ्या-शेतकऱ्यांत दुष्काळापाठोपाठ टायफस पसरला होता (आपला टायफॉइड वेगळा). तीनेक आठवडे तो झोपड्याझोपड्यांतून फिरला. सरकारला अपेक्षा असणार औषधांच्या यादीची. त्याने अहवालात लिहिले की या लोकांना त्यांच्या भाषेत शाळा हव्यात, रस्ते हवेत, कराचा बोजा गरिबांवरून उतरायला हवा आणि स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क हवा. तो बर्लिनला परतला आणि थोड्याच दिवसांत तिथे क्रांतीचे बंड पेटले. हा रस्त्यात अडथळे रचणाऱ्यांत सामील. बंड फसल्यावर नोकरी गेल्यातच जमा झाली आणि १८४९ मध्ये त्याला बव्हेरियातल्या व्युर्त्सबुर्गला प्राध्यापक म्हणून जावे लागले. ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत शांत सात वर्षे. तिथे असतानाच त्याचे रोझ मायरशी लग्न झाले आणि मुले झाली. मुख्य म्हणजे सूक्ष्मदर्शकाशी बसायला वेळ मिळाला.

तिथेच १८५५ मध्ये त्याने तो सिद्धांत मांडला, जो मी फळ्यावर लिहीत असे. पेशी आकाशातून पडत नाही, द्रवातून थिजत नाही. ती पेशीच्याच पोटी येते. आजारी पेशीसुद्धा आपल्याच शरीराच्या पेशीची लेक असते. १८५६ मध्ये बर्लिनने त्याला सन्मानाने परत बोलावले, आणि १८५८ मध्ये दिलेल्या वीस व्याख्यानांचे पुस्तक जगभरच्या डॉक्टरांनी वाचले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. पेशी विभागून पेशी होते हे रॉबर्ट रेमाक या बर्लिनच्याच संशोधकाने आधी, १८५२ मध्ये, दाखवून दिले होते. रेमाक ज्यू होता, त्याला पदे मिळाली नाहीत, आणि फिरखोनेही त्याचे श्रेय दिले नाही. मी वर्गात त्याचे नाव ३१ वर्षांत एकदाही घेतले नाही. आमच्या पुस्तकात नव्हते.

ताईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्या सिद्धांतात सापडले. पेशी द्रवातून थिजत असती, तर आजार एकदा दिसेनासा झाला की विषय संपला असता. पुन्हा थिजला तर थिजला. पण पेशी पेशीपासूनच येत असेल, तर मागे किती उरल्या याला अर्थ आहे. उरलेली एकसुद्धा आपला वंश वाढवू शकते. म्हणून मोजायचे.

मोजणे हा फिरखोचा स्वभावच होता. बर्लिनच्या नगरपालिकेत तो १८५९ मध्ये निवडून आला आणि मरेपर्यंत राहिला. शहरात मरण पावणाऱ्यांची मोजदाद गल्लीवार मांडून त्याने भुयारी गटारांचा आग्रह धरला, आणि १८७३ पासून जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याच्या हातून ती बांधली गेली. मांसाची तपासणी सक्तीची करायला लावली. संसदेत बिस्मार्कशी त्याचे इतके वाजले की १८६५ मध्ये बिस्मार्कने त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखोने ते नाकारले. त्याने शस्त्र म्हणून किडे पडलेले सॉसेज सुचवले, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती छान आहे, पण खरी नसावी. जर्मन वंश गोऱ्या, सोनेरी केसांच्या माणसांचा, असा गवगवा होऊ लागला तेव्हा त्याने शाळांतून ६७ लाखांवर मुलांच्या केसांचे, डोळ्यांचे आणि कातडीचे रंग नोंदवून घेतले. सोनेरी केस, निळे डोळे आणि गोरा वर्ण अशी सगळी लक्षणे जुळणारी मुले एक तृतीयांशही निघाली नाहीत, आणि ज्यू मुलांतही काही तशी सापडली. पुढच्या पिढीने ती आकडेवारी वाचली नाही, त्याला तो काय करणार.

मात्र हाच माणूस चुकला तेव्हा ठसठशीत चुकला. बाळंतिणींच्या तापाबद्दल हात धुवा म्हणून सांगणाऱ्या सेमेलवाइसला त्याने मानले नाही. निअँडरथल माणसाचे हाड त्याने आजारी माणसाचे ठरवले. रोगजंतूंच्या बाबतीत तर कॉखच्या शोधांनंतरही तो कुरकुरत राहिला. डोळ्यांसमोर आहे तेवढेच मानायचे, हे त्याचे बळ होते आणि तेच त्याला अनेकदा नडले.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते १८८७ सालच्या एका प्रसंगाने. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला होता. स्वरयंत्रावर गाठ होती. जर्मन डॉक्टरांना कर्करोगाची शंका आली आणि त्यांनी शस्त्रक्रियेची तयारी केली. लंडनहून बोलावलेल्या मोरेल मॅकेंझीने म्हटले, आधी तुकडा काढून तपासा. त्याने चिमट्याने गाठीचे लहान तुकडे काढले आणि ते गेले फिरखोकडे. देशात त्याच्याहून मोठा परीक्षक नव्हता. त्याने पाहिले आणि कळवले की या तुकड्यांत कर्करोग नाही. काढलेल्या भागावरून बाकीच्या भागाची खात्री देता येत नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली होती. पण पुस्ती कोण वाचतो? युवराजाच्या घरच्यांनी, वर्तमानपत्रांनी, बहुधा स्वतः युवराजानेही, एकच शब्द ऐकला. नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली. पुढच्या फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला भोक पाडावे लागले. मार्चमध्ये वडील वारले आणि हा बोलता न येणारा माणूस सम्राट झाला. ९९ दिवसांनी, १५ जून १८८८ ला, तो गेला. शवविच्छेदनाला फिरखो स्वतः होता. स्वरयंत्र कर्करोगाने पोखरलेले निघाले.

फ्रेडरिक उदार मताचा होता. फिरखोच्या पक्षाची सगळी आशा त्याच्यावर होती. गादीवर आला त्याचा मुलगा, पहिल्या महायुद्धातला कैसर. तो तुकडा जरा बाजूचा निघाला असता तर युरोपचे काय झाले असते, यावर लोकांनी पुस्तके लिहिली आहेत. मला त्या तुकड्याचेच पडले होते. फिरखो खोटे बोलला नव्हता. त्याच्या काचपट्टीवर जे होते त्यात कर्करोग नव्हता. तो होता काचपट्टीच्या बाहेर.

हा प्रसंग वाचला आणि मी ताईचा रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. त्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, जी आठ वर्षांत आम्ही कुणी वाचली नव्हती. तपासणी किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत पाहू शकते, ते तिथे दिलेले होते. फिरखोची पुस्तीच ती.

तपासणी कशी चालते ते आता थोडक्यात सांगतो. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले गेले आहेत. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल नावाचे एक जोडजनुक तयार होते. त्यातून होणारे प्रथिन पेशीला सारखा हुकूम सोडते, वाढ, विभाग, पुन्हा वाढ. २००१ मध्ये आलेले इमॅटिनिब हे औषध त्या प्रथिनाचे तोंड बंद करते. तीच ताईची गोळी. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने मूळ कंपनीला या औषधाचे पेटंट नाकारले आणि भारतीय कंपन्यांची गोळी मिळत राहिली, म्हणून ती आमच्या ताईच्या पेन्शनीत बसते.

निरोगी पेशीत तो सांधा नसतो. म्हणून रक्तात तो किती आहे हे कळले की आजार किती उरला ते कळते. पीसीआर यंत्रात त्या सांध्याच्या प्रती प्रत्येक फेरीला दुप्पट करतात. दहा फेऱ्यांत एकाचे हजारावर होतात. कितव्या फेरीला खूण चमकते यावरून मुळात किती होते याचा हिशोब लागतो. लवकर चमकली तर पुष्कळ होते, उशिरा चमकली तर थोडे. त्याची तुलना सगळ्याच पेशींत असणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाशी करतात, आणि उत्तर सगळ्या जगात एकाच पट्टीवर मांडतात. सुरुवातीचा आजार १०० धरला तर ०.१ म्हणजे हजारपट घट. ०.०१ म्हणजे दहा हजारपट. त्याही खाली उतरता येते, पण एका मर्यादेनंतर यंत्राला काही दिसत नाही.

मी रिपोर्टच्या पाठीवर पेन्सिलीने आकडेमोड केली. निदानाच्या वेळी अंगात आजारी पेशी ढोबळमानाने एक लाख कोटी असतात. हजारपट घटल्या तरी १०० कोटी उरतात. दहा हजारपट घटल्या तरी १० कोटी. आढळले नाही असे छापून येते तेव्हाही काही लाख, कदाचित त्याहून जास्त, अंगात असू शकतात. त्यातल्या काही मज्जेत झोपलेल्या असतात आणि झोपलेल्यांवर गोळीचा फारसा जोर चालत नाही. पाच लिटर रक्तातले तपासायला जातात चार चमचे. युवराजाच्या गळ्यातला चिमटाच म्हणायचा.

हे सगळे ताईला सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग उत्तराची दुसरी बाजू हाती लागली म्हणून सांगितले. फ्रान्समध्ये २००७ पासून काही डॉक्टरांनी धाडस केले. निदान दोन वर्षे काहीच न आढळलेल्या १०० रुग्णांची गोळी त्यांनी थांबवली आणि दर महिन्याला मोजत राहिले. २०१० मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना वर्ष उलटले होते, त्यांतल्या दर दहांमागे साधारण चौघांत आजार परतला नव्हता. बाकीच्यांत तो परतला, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू करताच आटोक्यात आला. आणखी एक नवल नंतरच्या अनुभवांतून दिसले. काहींच्या रक्तात सांध्याची खूण अधूनमधून चमकते, पुन्हा नाहीशी होते, आणि आजार उठत नाही. म्हणजे उरलेले आहे, पण ते वाढत नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांच्यावर पहारा ठेवत असावी, असे मानतात. फिरखोने पेशी पेशीपासूनच येते असे सांगितले होते. प्रत्येक पेशीला वंश वाढवावाच लागतो, असे काही तो म्हणाला नव्हता. एवढा फरक मला इतक्या वर्षांत कधी सुचला नाही. (हे वाचून कुणी परस्पर गोळी बंद करू नये. आधी डॉक्टर, आणि नियमित मोजणी.)

फिरखो अखेरपर्यंत कामात होता. १८९९ मध्ये त्याने विकृतीशास्त्राचे संग्रहालय उघडले, त्यात वीस हजारांवर नमुने होते, आयुष्यभर एकेक करून बाटलीत भरलेले. १९०१ मध्ये त्याची ऐंशी वर्षे झाली तेव्हा देशोदेशींचे लोक बर्लिनला जमले. त्यानंतर तीन महिन्यांनी, जानेवारी १९०२ मध्ये, हा म्हातारा चालत्या ट्राममधून उतरायला गेला, पडला आणि मांडीचे हाड मोडले. ते नीट भरून आले नाही. ५ सप्टेंबर १९०२ ला तो गेला. त्या स्वयंपाकिणीच्या आजारावर तोवर उपाय नव्हता. सोमल देऊन पाहत, काही महिने बरे वाटे.

ताईने सगळे ऐकून घेतले, पाठीवरची आकडेमोड चष्मा लावून पाहिली, आणि एवढ्या पेशींबरोबर आपण तीन वर्षे सत्यनारायण, लग्ने आणि नातवाची बारावी केली, तर आणखी थोडे दिवस करायला हरकत नाही, असे तिचे म्हणणे पडले. भाऊजींचा विरोध होता. रोजची एक गोळी चालू असताना झोप लागते, ती का घालवायची, असे त्यांना वाटत होते, आणि त्यातही खोटे काही नव्हते. शेवटी डॉक्टरांशी दोनदा बोलून तिने गोळी थांबवली. आता दर महिन्याला रक्त.

पहिल्या महिन्यात आढळले नाही. दुसऱ्या महिन्यात आकडा आला, ०.००३. भाऊजींनी मला रात्री साडेदहाला फोन केला. डॉक्टर म्हणाले, ०.१ च्या वर गेला तर गोळी लगेच सुरू करायची, तोवर मोजत राहायचे. ताईने तो रिपोर्ट बाकीच्यांबरोबर फाइलला लावला. या वेळी तळाची ओळ आधी वाचली, असे ती म्हणाली. तिसऱ्या महिन्याचे रक्त येत्या मंगळवारी सकाळी सातला घ्यायचे आहे. मी सोमवारीच एसटीने सांगलीला जाणार आहे.